दारात पिशवी आली; यादी कुणाच्या डोक्यात?

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या डोंबिवलीच्या गटाची बैठक चालू होती. विषय पोटगीच्या एका प्रकरणाचा, आणि सगळ्याजणी अगदी तावातावाने बोलत होत्या. तेवढ्यात एका मैत्रिणीचा फोन वाजला. तिने मागवलेलं सामान घेऊन आलेला मुलगा तिच्या इमारतीच्या गेटशी उभा होता आणि वॉचमन त्याला आत सोडत नव्हता. तिने वॉचमनला फोन केला. मग नवऱ्याला केला, ''अरे, दार उघड, सामान येतंय.'' पाच मिनिटांनी नवऱ्याचा फोन, ''आलं. दूध फ्रिजमध्ये ठेवू ना?'' आणखी दोन मिनिटांनी पुन्हा, ''अगं, यात कोथिंबीर नाहीये. तू मागवली होतीस का?'' नवरा घरात, सामान घरात, भाजीवाला इमारतीखाली, आणि कोथिंबिरीचा हिशेब मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला बैठकीत बसलेल्या बाईकडे!

आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली. म्हणाली, ''काही म्हणा, या ॲपमुळे माझं आयुष्य किती सोपं झालंय!''

तिचं हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण ते खोटं नाही. आणि तरी त्यात काहीतरी फार मोठं लपलेलं आहे.

आधी जे खरं आहे ते कबूल करते. मीही मागवते. रात्री साडेनऊला मुलगा सांगतो, ''आई, उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय,'' तेव्हा मीही तत्त्वं बाजूला ठेवते. तान्ह्या बाळाची आई, अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटं सोडून बाहेर पडता न येणारी सून, कुबड्या घेऊन तीन जिने उतरणारी बाई, कामावरून आठच्या लोकलने परतणारी आणि घरी दुसरं कुणीच मोठं माणूस नसलेली एकटी आई, यांच्यासाठी ही सोय म्हणजे चैन नाही. ज्या मुलीला औषधाच्या दुकानातल्या चार पुरुषांसमोर पॅड मागताना आजही आवाज खाली करावा लागतो, आणि ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून एखादा गुन्हा दडवावा तसं तिच्या हातात दिलं जातं, तिला ते फोनवरून मागवता येणं हा लहानसा का होईना, पण दिलासाच आहे. तेव्हा 'पूर्वीचं सगळं चांगलं होतं' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नका. पूर्वी भर उन्हात दोन हातांत दोन पिशव्या आणि कडेवर पोर घेऊन जिना चढणारी बाईच होती, हे मी विसरलेले नाही.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. या सेवांचं गुणगान करताना एक शब्द हमखास वापरला जातो, 'व्यग्र पालक'. पालकांचा वेळ वाचतो, पालकांची धावपळ थांबते. मराठीत पालक म्हणजे भाजीसुद्धा. आणि या वाक्यांत तो शब्द जवळजवळ भाजीइतकाच लिंगहीन करून टाकलेला असतो. जणू काही आई आणि बाप दोघंही अर्धी अर्धी यादी डोक्यात घेऊन फिरत होते आणि आता दोघांचंही ओझं उतरलं! तुमच्या ओळखीच्या दहा घरांत विचारून बघा. तूरडाळ किती उरली आहे, धाकट्याला कोणतं बिस्किट चालतं, मोठीच्या डब्याला गुरुवारी काय द्यायचं, सासऱ्यांच्या साखरेमुळे कोणता आटा आणायचा, पाहुणे येणार म्हणून किती दूध जादा लागेल, हे कुणाला माहीत असतं? सामान आणणं हे त्या कामाचं शेपूट आहे. डोकं आहे ते लक्षात ठेवणं. ॲपने शेपूट उचललं. डोकं बाईच्याच खांद्यावर राहिलं.

उलट ते जास्तच जड झालं आहे, असं मी म्हणेन. पूर्वी महिन्याची यादी एकदा व्हायची. भाजी आठवड्यातून दोनदा. आता यादीला शेवट नाही. कधीही काहीही मागवता येतं, म्हणून चोवीस तास लक्ष ठेवायचं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, लोकलमध्ये, नाटकाच्या मध्यंतरात, आमच्या बैठकीत! काही संपलं तर पूर्वी 'दुकान बंद होतं' ही एक सबब तरी होती. आता तीही गेली. ''मागव ना मग, दोन मिनिटांचं तर काम आहे,'' असं सोफ्यावरून ऐकू येतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. तीच पाहणी २०२४ साली पुन्हा झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यासाठी २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. २०२४ मध्ये २८९. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. आणि पुरुष? जे हे काम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटांवरून ८८ वर आली! मुळात पुरुषांपैकी दिवसभरात या कामाला हात लावणारे चारांत जेमतेम एक. ही पाहणी खेड्यापाड्यांसकट सगळ्या देशाची आहे, तिचा आणि ॲपचा थेट संबंध जोडण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण मिक्सर आला, गॅस आला, वॉशिंग मशीन आलं, आता ॲप आलं. दर वेळी 'आता बाई मोकळी झाली' असं आपल्याला सांगितलं गेलं. काम थोडं हलकं झालं असेल. कुणाचं काम, हा प्रश्न मात्र कुणी हलवला नाही. उलट यंत्र आल्यावर तो विचारायचीही सोय राहिली नाही. एवढं सगळं हाताशी असताना पुन्हा नवऱ्याने कशाला उठायचं?

आणि घरपोच सामान ही काही नवी क्रांती नाही. आमच्या लहानपणी वाण्याकडे यादी टाकली की संध्याकाळी दुकानातला पोऱ्या सायकलवरून पुडे घेऊन यायचा. वाण्याला घर माहीत, घरातली अडचण माहीत. महिनाअखेरीला वही पुढे ढकलायचा. नोकरी करणाऱ्या बायांनी तर आपली सोय केव्हाच शोधून काढली होती. स्टेशनच्या पुलाखाली निवडलेली मेथी, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी, चिरलेला फणस घेऊन बसणाऱ्या बाया, आणि संध्याकाळच्या गाडीत बायकांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या दुसऱ्या बाया. एकीचा वेळ वाचायचा, दुसरीची चूल पेटायची, आणि पैसा बाईकडून बाईकडे जायचा. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन जंगलपट्ट्यातून येणाऱ्या आदिवासी बायका आजही स्टेशनबाहेर बसतात. त्यांच्या टोपल्या मात्र पूर्वीसारख्या दुपारच्या आत रिकाम्या होत नाहीत. ''ताई, आता कोणी खालीच उतरत नाही,'' असं त्यांच्यातली एक मला म्हणाली. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना हक्क दिले. गिऱ्हाईक कोणता कायदा देणार?

आणखी एक गोष्ट आपण सहज विसरतो. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध बाया रस्त्यावर आल्या, मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासोबत, हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन. तेल, साखर, धान्य हे त्यांनी राजकारण केलं. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, एकत्र मागणी नोंदवायची, माल एकत्र आणायचा आणि आपणच वाटायचा. आमच्या चाळीत वाटपाच्या दिवशी खोकी उतरवायला, पिशव्या लावायला माझे वडील आणि शेजारचे काका बाह्या सरसावून उभे असायचे. ते काही स्त्रीमुक्तीवाले नव्हते! पण काम चारचौघांत आलं की पुरुषालाही हात लावावा लागतो. आता पाहा. प्रत्येक बाई आपल्या फोनसमोर एकटी. शेजारणीला तोच साबण कितीला पडला ते हिला ठाऊक नाही. आज हाताळणीचा आकार, उद्या पावसाचा, परवा गर्दीचा. दर वाढला तर लाटणं वाजवायचं कुणाच्या दारात?

आता पैशाचं. याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तर हाच मुद्दा सगळ्यांत गंभीर वाटतो. घरखर्चाच्या पैशांतून चार पैसे मागे टाकणं हा आपल्या आया-आज्यांचा एकमेव बँकव्यवहार होता. तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत. भाजीवाल्याशी घासाघीस करून वाचवलेले दहा रुपये तिचे स्वतःचे असायचे. त्यातूनच मुलीची फी जायची, माहेरी जायचं तिकीट निघायचं, आणि वेळ आली तर घर सोडून निघायची हिंमतही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा असे कितीतरी डबे उघडे पडले, नवऱ्यासमोर एकेक नोट मोजून द्यावी लागली. आता डबाच उरला नाही. सामान मागवायचं ते नवऱ्याच्या खात्यातून. दर खरेदीचा संदेश त्याच्या फोनवर, वस्तूंच्या यादीसह. सल्लाकेंद्रात आलेली एक बाई सांगत होती, ''पूर्वी हजार रुपये हातात द्यायचे, हिशेब विचारला तरी मी काहीही सांगायची. आता संध्याकाळी घरी आल्यावर विचारतात, दोन चॉकलेटं कुणासाठी मागवलीस?'' तिला दिवसभरात घराबाहेर पडायला तेवढंच एक निमित्त होतं, भाजीला जाऊन येते. त्या अर्ध्या तासात ती बहिणीशी फोनवर बोलायची, देवळाच्या पायरीवर बसायची. आमच्या केंद्राची पाटीही तिने अशाच एका फेरीत वाचली. नवऱ्याने तिला ॲप घेऊन दिलं, 'तुझे हाल नकोत' म्हणून! सोय कुणी, कुणासाठी केली हे न विचारता तिचं कौतुक करता येत नाही, ते यासाठी.

आणि तो गेटवर अडवलेला मुलगा? तोही कुणाचा तरी मुलगा, बऱ्याचदा कुणाचा तरी बापही. व्यग्र पालकांमध्ये त्याची गणती मी कुठे पाहिलेली नाही. अशा कामगारांची कायद्यात दखल पहिल्यांदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली, आणि ती संहिता अमलात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा पहिल्यांदा राजस्थानने केला, तो २०२३ साली. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर 'दहा मिनिटांत' हे शब्द जाहिरातींतून काढायला सुरुवात झाली. शब्द काढता येतात. पावसात खड्डे चुकवत जाणाऱ्या त्या पोराची घाई त्याच्या मिळकतीच्या हिशेबात बसलेली आहे, ती कशी काढणार? आणि आपण तरी काय करतो आहोत? आपल्या घरातल्या पुरुषाला सोफ्यावरून उठवता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरातल्या पुरुषाला रस्त्यावर पळवतो आहोत. भांडण टळतं, घरात शांतता राहते. हे मी स्वतःलाही धरून म्हणते आहे.

त्या बैठकीनंतर आम्ही सहाजणींनी एक ठरवलं. ॲप आपल्या फोनवरून काढायचं आणि घरातल्या मोठ्या पुरुषाच्या फोनवर चढवायचं. महिनाभर. अट एकच: यादी द्यायची नाही. 'सांग ना, लगेच मागवतो' असं म्हणाला तरी सांगायचं नाही, आणि आपण बाहेर असताना आलेला घरचा किरकोळ फोन उचलायचा नाही. दोघी पहिल्याच आठवड्यात हरल्या. एकीकडे सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, दुसरीला मुलाच्या रिकाम्या डब्याची कल्पना सहन होईना. तिला मी दोष देणार नाही. दोघींकडे काहीच फरक पडला नाही, घरातले पुरुष पोळीभाजी बाहेरून मागवून मोकळे झाले.

त्या कोथिंबीरवाल्या मैत्रिणीकडे पहिल्या आठवड्यात तीन तऱ्हेची बिस्किटं आली आणि मीठ आलं नाही. दोन दिवस शेजारून वाटीभर मीठ आणलं, तेही नवऱ्याने. तिसऱ्या आठवड्यात फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटलेला दिसला, त्याच्या अक्षरात: डाळ, हळद, चहा, भांड्याचा साबण. परवाच्या बैठकीत तिचा फोन दोन तास पर्समध्ये गप्प पडून होता. निघताना तिने तो काढला, बघितला आणि आम्हाला दाखवला. घरून एकच निरोप होता: 'भाजीवाल्याकडे खाली जाऊन आलो. कोथिंबिरीची जुडी तीस रुपये म्हणतो, घेऊ का?'

तिने उत्तर लिहिलं नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि आमच्याबरोबर चहाला आली.