शनिवार तेली आणि तेलाचा सण

पंचांगे निराळी असली, तरी अमावास्येचा अंधार सर्वांस सारखाच. आपली दिवाळी आश्विन वद्यात सुरू होते आणि अमावास्या ओलांडून कार्तिक शुद्धात जाते. यहुदी लोकांचा हनुक्का हा दीपोत्सवही त्यांच्या किस्लेव महिन्याच्या २५ व्या तिथीस आरंभून आठ रात्रींत अमावास्या ओलांडतो. त्यांचे महिने चांद्र आहेत. ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ अधिकमास तेही धरतात. त्यामुळे हा सण आपल्या कार्तिक वा मार्गशीर्ष अमावास्येच्या आगेमागे येतो. आपल्याकडे फराळाचे डबे रिकामे होतात आणि त्यांच्या घरी कढई चढते.

सणाची कथा तेलाची आहे. अँटिओकस नावाच्या ग्रीक वंशाच्या सीरियाधिपतीने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले; यहूदा मक्काबी व त्याच्या बंधूंनी इ. स. पू. १६४ मध्ये ते सोडवून शुद्ध केले. ‘हनुक्का’ या हिब्रू शब्दाचा अर्थच मुळी प्रतिष्ठापना. दीप लावू गेले, तो धर्माध्यक्षाची मुद्रा शाबूत असलेली तेलाची एकच बुधली सापडली, एका दिवसापुरती. ती आठ दिवस पुरली, असे तालमूद हा त्यांचा ग्रंथ सांगतो. गोंधळ्याच्या हातातील दिवटी आणि तिला तेल पाजणारी बुधली पाहत तुळजापुरात वाढलेल्या आम्हांस ही कथा परकी वाटली नाही. त्याच ग्रंथात एक शास्त्रार्थही आहे. शम्मयाचा पक्ष म्हणे, पहिल्या रात्री आठ दिवे लावावेत व रोज एक कमी करावा. हिल्लेलचा पक्ष म्हणे, एकापासून आरंभून रोज एक वाढवावा. पवित्र कार्यात चढत जावे, उतरू नये. हिल्लेलचे मत मान्य झाले. वाद मीमांसकांच्या सभेत शोभावा असा, आणि निर्णय लहान मुलासही पटेल असा!

या तेलाची आठवण म्हणून सणात तळलेले खायचे. पोलंडकडील यहुदी बटाट्याच्या किसाची थालीपिठे तळत. इस्रायलमध्ये मान मिळाला तो सुफगानियाला, म्हणजे खमिरावर फुगवून तळलेल्या, आत मुरांबा भरून वर पिठीसाखर पेरलेल्या मैद्याच्या गोळ्याला. आपली मुले त्यास डोनट म्हणून ओळखतात. १९२० च्या दशकात तेथील हिस्ताद्रुत या कामगार संघटनेने या पदार्थाचा पुरस्कार केला, तो बेकरीतील हातांना काम मिळावे म्हणून, असे सांगतात. थालीपीठ कोणीही घरी थापील. हा गोळा मात्र विकत आणावा लागेल, असा तो हिशोब.

हे सारे धाराशिव जिल्ह्यातील वाचकाने कशासाठी वाचावे? मराठी ही ज्यांची मायबोली असा यहुदी समाज आपल्या महाराष्ट्रातच आहे, म्हणून. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि पोथ्या समुद्राने नेल्या, अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. कोकणात गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर, दिव्याचा तो दिवेकर. आडनावेही आपल्यासारखीच गावावरून.

आणि नवल असे की, तेल हीच ज्यांची उपजीविका, त्यांना तेलाचा हा सणच ठाऊक नव्हता! मक्काबींच्या विजयापूर्वीच आपले पूर्वज मायदेश सोडून निघाले होते, असे कारण त्या समाजाचे इतिहासकार हाईम शमुएल केहिमकर यांनी दिले. सर्व संशोधकांस ते मान्य नाही. बाहेरून आलेल्या धर्मबंधूंकडून हनुक्का त्यांनी पुढे शिकून घेतला. मात्र शब्बाथाची विश्रांती, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि अन्नाचे नियम त्यांनी सोडले नव्हते. त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत बांधले ते १७९६ मध्ये. तोवर पोथी नाही, मंदिर नाही. मग इतकी शतके धर्म राहिला कोठे?

याचे उत्तर त्यांच्याच एका कथेत आहे. दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखर आपलेच काय, हे पाहण्यासाठी त्याने घरातील स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूस सारले. मोशेचे शास्त्र नेमके हेच सांगते. रहाबीची खूण पटली. पंडितांची सभा भरली नाही, ग्रंथ उघडला गेला नाही. परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि तेथेच निकाल लागला. ज्या मुलीने आईशेजारी बसून मासे निवडले, तिने ते आपल्या मुलीस दाखवले, एवढीच त्या धर्माची गुरुपरंपरा.

आम्हां कीर्तनकारांचा या समाजाशी आणखी एक ऋणानुबंध आहे. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलांनी आपली कीर्तने ऐकून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रचली आणि साकी-दिंडीच्या चालींवर उभी केली. आज ती गाणारे कंठ थोडे उरले आहेत. १९५१ मध्ये भारतात २५ हजारांवर ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ते ५ हजारही भरले नाहीत. बहुतेक इस्रायलला गेले. तेथे म्हाताऱ्यांची मराठी नातवंडांना कळेनाशी झाली आहे. पण चिकाचा हलवा आणि नारळाचे दूध त्या घरांतून अजून गेलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाड्यातील मुलांना ही कथा सांगून आम्ही घरीच सुफगानिया करविल्या. तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी विचारले, “आपले सण का थोडे झाले, म्हणून दुसऱ्यांचे तळायचे?” प्रश्न रास्त आहे. पण आपल्या सणांचे काय चालले आहे? चकली मागवलेली, करंजी मागवलेली, पुरणपोळी पिशवीतून आलेली. मुलास सण कळतो तो डब्याचे झाकण उघडताना. उद्या कोणी रहाबी आमच्या घरी परीक्षेस आला, तर त्यास मिठाईच्या दुकानाची पावती दाखवावी लागेल! परक्या सणाच्या निमित्ताने का होईना, मुलांचे हात पिठात गेले, तर आम्हांस ते हवेच आहे.

कृती अवघड नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. अर्धा किलो मैदा, दोन लहान चमचे कोरडे यीस्ट, चार मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, थोडे लोणी आणि पाव लिटरहून किंचित अधिक कोमट दूध. दूध कढत असेल तर यीस्ट मरते, हे मुलांना बोट बुडवून पाहू द्यावे. पीठ दहा मिनिटे चांगले तिंबून ओल्या फडक्याखाली दीड तास ठेवावे. मुले दर पाच मिनिटांनी फडके उचलतात. उचलू द्यावे, वाट पाहणे हाही सणाचाच भाग. दुप्पट झाले की बोटभर जाड लाटून वाटीने चकत्या कापाव्यात आणि पुन्हा अर्धा तास फुगू द्याव्यात. तळण्याचे काम मोठ्यांचे, आणि आच मध्यम. नीट फुगलेला गोळा तेलावर तरंगतो व त्याच्या कमरेस फिकट पट्टा राहतो. निवले की मेंदीसाठी करतात तसा कोन करून मुलांनी सारण भरावे. आमच्याकडे निम्म्यांत पेरूची जेली गेली आणि निम्म्यांत भूमचा खवा. खवा आधी संपला, हे सांगणे न लगे.

कढई उतरवताना एका चिमुरडीने विचारले, “हे तेल आठ दिवस पुरेल?” घरातील वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “तुम्ही आणखी मागितले नाहीत, तर पुरेल.” लगेच तीन हात पुढे आले.