एकाचे चाक, साऱ्यांचा मुक्काम

गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी एक रीतसर अर्ज आला. अर्जदार दुसरा कोणी नसून आमचा धाकटा पुतण्या होता. आणि अर्जाचा विषय असा की, त्यास व त्याच्या पाच मित्रांस पुढील वर्षीच्या मे महिन्यात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातून मोटारसायकलींवर प्रवास करावयाचा आहे, तरी घरच्या मंडळींनी संमती द्यावी. केपटाऊन येथे गाड्या भाड्याने घ्यावयाच्या, उत्तरेस नामिबिया देश ओलांडावयाचा, आणि झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्यापाशी प्रवास संपवावयाचा. आडवळणे धरून वाट तीन हजार किलोमीटरांहून अधिक, आणि दिवस एकवीस. वय अठ्ठावीस, पैसा स्वतःच्या कमाईचा; म्हणजे कायद्याने पाहता त्यास कोणाच्या संमतीची गरज नव्हती. तरीही त्याने ती मागितली, याचे आम्हांस मनातून कौतुकच वाटले.

एकत्र कुटुंबात अशा अर्जाचा निकाल एका बैठकीत लागत नसतो. आमच्या थोरल्या बंधूंनी खर्चाचा आकडा विचारला, वहिनींनी आजारपणाचे काय ते विचारले, आणि घरातील बालगोपाळांनी सिंहांविषयी चौकशी केली. आमच्या मातोश्रींस केपटाऊन हे नाव ठाऊक होते ते नामदार गोखल्यांमुळे. १९१२ सालच्या २२ ऑक्टोबरास गोखले त्या बंदरात उतरले आणि पुढील सबंध दौऱ्यात गांधीजी त्यांच्या सोबतीस राहिले, ही हकीकत त्यांनी माहेरी वडिलांच्या तोंडून ऐकलेली. त्या म्हणाल्या, "गोखल्यांना आगगाडीचा खास डबा होता, आणि सोबतीला गांधी होते. तुझी गाडी रानात मोडली तर तुझ्याबरोबर कोण?"

पुतण्या हसून म्हणाला, "आजी, अशा प्रवासात गाडी मोडतेच. पण आम्ही सहाजण आहोत ना!"

हे उत्तर सर्वांस पटले. सहाजण आहेत म्हणजे चिंता कसली? तथापि थोरल्या बंधूंनी एक अट घातली. परदेशी जाण्यापूर्वी या सहाजणांनी आपल्याच मुलखात, आणि तेही भर पावसात, एक दिवसाचा प्रवास करून दाखवावा. त्याप्रमाणे आषाढातील एका रविवारी सहा गाड्या ठाण्याहून निघाल्या. घोडबंदरावरून महामार्गास लागावयाचे, शिरसाड फाट्याशी आत वळून वज्रेश्वरीस जावयाचे आणि पुढे वाड्यावरून जव्हार गाठावयाचे, असा बेत होता.

तो बेत वसई तालुक्यातील चांदीप या गावापाशीच संपला. सहांपैकी सर्वांत सावकाश चालविणाऱ्या मुलाच्या मागल्या चाकात खिळा शिरला व हवा गेली. पंक्चर ही काही मोठी आपत्ती नव्हे. चाक उतरवावे, ट्यूब काढावी, ठिगळ लावावे, हवा भरावी आणि निघावे. सर्व साहित्य बरोबर होते. परंतु पान्हे, टायर सोडविण्याच्या पट्ट्या आणि हवेचा पंप ही सारी चीजवस्तू ज्याच्या पिशवीत होती, तो सर्वांत वेगाने चालविणारा असल्यामुळे आणखी एकास घेऊन केव्हाच पुढे निघून गेला होता. पावसामुळे त्याचा भ्रमणध्वनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तळाशी ठेवलेला. मागे चौघे रस्त्यावर भिजत उभे, आणि पुढचे दोघे वज्रेश्वरीस गरम चहा घेत बसलेले! चांदीपच्या एका शेतकरी गृहस्थांनी या चौघांस ओटीवर घेतले, अंग पुसावयास कोरडे पंचे दिले, आणि त्यांच्या मुलाने ते चाक आपल्या गाडीवर घालून दुरुस्त करून आणले. या साऱ्यात तीन तास गेले. पुढच्या दोघांस मंडळी मागे राहिल्याची जाणीव होऊन ते परत आले, तोवर चाक बसवूनही झाले होते.

तो पुढे गेलेला, पिशवीचा धनी, आमचा पुतण्याच होय.

रात्री घरी आल्यावर त्याने घडले ते काही न लपविता सांगितले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. मातोश्रींनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तू मागे वळून पाहिलेस ते किती वेळाने?" त्यावर त्याजपाशी उत्तर नव्हते. ज्या "सहाजण आहोत" या शब्दांवर आम्ही सर्व विसंबून होतो, ते शब्द पहिल्या खिळ्यासरशी फोल ठरले होते. चांदीपला ओटी होती, माणूस होते, चहा होता. जेथे यांतले काहीच नाही अशा ठिकाणी हा खिळा शिरला असता तर?

असे ठिकाण कसे असते, याची थोडी कल्पना आम्ही वाचकांस देऊ इच्छितो. नामिबियाचे क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पावणेतीनपट भरेल. आणि तेथील लोकसंख्या २०२३ सालच्या गणतीप्रमाणे अवघी ३० लाख. आपल्या राज्यात २०११ साली ११ कोटींहून अधिक माणसे मोजली गेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे तेथील निर्जनतेचे माप कळते. त्या देशातील बहुतेक रस्ते डांबरी नसून खडीमातीचे आहेत. अशा कोरड्या रस्त्यावर वाहनांच्या चाकांनीच आडव्या, कपडे धुण्याच्या फळीसारख्या लाटा उठतात. त्यांवरून तासन्‌तास जाताना गाडी अशी थरथरते की घट्ट आवळलेल्या चाक्या ढिल्या पडतात, सामानाचे कठडे तडकतात, आणि विजेच्या तारांचे जोड सुटतात. म्हणून रोज सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येक पेच हाताने तपासून पाहणे, हा तिकडच्या प्रवासाचा नित्यपाठच समजला जातो.

वाळू लागली की चाकांतील हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरून रुततो कमी. परंतु पुन्हा खडी लागताच हवा भरून घेतली नाही तर दगडाच्या धक्क्याने ट्यूब कडेशी चिमटून फाटते. म्हणजे पंप हा तेथे केवळ संकटाचा सोबती नव्हे, रोजच्या उपयोगाची वस्तू आहे. सामानाने लादलेली मोठी मोटारसायकल वजनाने २०० किलोंच्या वर जाते. ती वाळूत आडवी झाली म्हणजे एकट्या माणसाने उचलावयाची तर दम निघतो, कंबरही धरते. दोघे असतील तर काम क्षणाचे. पेट्रोलचे पंप काही भागांत इतके दूर दूर आहेत की दिसेल तेथे टाकी भरून घेणे हेच शहाणपण. आणि सूर्यास्तानंतर जनावरे रस्त्यावर येतात, म्हणून ज्याची गाडी दुपारी तीन तास अडली, त्यास संध्याकाळचा मुक्काम गाठण्याची घाई करण्याचीही सोय उरत नाही.

या सर्वांहून विलक्षण गोष्ट धुळीची. खडीच्या रस्त्यावर पुढल्या गाडीमागे धुळीचा असा लोट उठतो की मागच्यास काही दिसेनासे होते. म्हणून एकामागून एक चालणाऱ्यांस परस्परांत बरेच अंतर ठेवणे भाग पडते. म्हणजे सहाजण एकत्र निघाले तरी दिवसाचा बहुतेक वेळ प्रत्येकजण एकटाच असतो. मागे कोणी पडला तर पुढच्यास त्याची हाक ऐकू जात नाही, तो दिसतही नाही. अशा प्रवासात सोबत ही आपोआप मिळत नाही. ती नियमाने निर्माण करावी लागते.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणतो असे नव्हे. आपल्या मुंबईचेच एक उदाहरण आहे. १९२३ सालच्या १५ ऑक्टोबरास सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन अशी सुमारे ७१ हजार किलोमीटरांची वाट तुडवून ते १९२८ सालच्या मार्चात मुंबईस परतले. परंतु परतले ते सहा नव्हेत, तिघे. कापडिया तेहरानहूनच माघारी वळले. हाथीराम यांनी अमेरिकेतच राहण्याचे ठरविले. आणि त्यांचा वियोग जिव्हारी लागून पोचखानवाला यांनीही घरची वाट धरली. हकीम, बापासोला व भूमगरा या तिघांनी पुढे १९३१ साली आपल्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले.

यांत कोणास दोष द्यावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. चार-साडेचार वर्षांत माणसाचे मन, प्रकृती आणि दैव ही तिन्ही बदलू शकतात. परंतु एक गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. एक गळला की त्याच्या मागोमाग दुसऱ्याचाही धीर सुटतो. वाळवंटाने ज्यांस हटविले नाही, त्यांस सोबत्याच्या जाण्याने हटविले. आणि जे तिघे अखेरपर्यंत टिकले, ते वाटेत काही मोडले नाही म्हणून टिकले नसणार. मोडल्यावर एकमेकांसाठी थांबले म्हणूनच टिकले असणार, असे आम्ही समजतो.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की ही गोष्ट मोटारसायकलींपुरती नाही. आपल्या घरांतूनही असेच चालते. एक भाऊ शिक्षणाने, पैशाने झपाट्याने पुढे जातो. दुसऱ्याच्या चाकातील हवा मध्येच जाते. पुढे जाणाऱ्याने वेग कमी करावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु घरातील पान्हे आणि पंप बहुधा त्याच्याच पिशवीत असतात, याचे त्यास विस्मरण होऊ नये. ओळखीचा डॉक्टर, कचेरीची माहिती, अडीअडचणीची शिल्लक, ही साहित्ये ज्याच्यापाशी आहेत त्यानेच मागे वळून पाहावयाचे असते. मागचा हाक मारीलच असे नाही. कधी धुळीमुळे, कधी भिडेमुळे ती हाक पोहोचतच नाही.

असो. पुतण्याच्या अर्जाचे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. चांदीपच्या प्रकारानंतर तो अर्ज फेटाळला जाणार, अशीच सर्वांची समजूत होती. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही मत तिकडेच झुकत होते. परंतु पंधरा दिवसांनी ते सहाजण पुन्हा आमच्या घरी जमले आणि त्यांनी आपण होऊन ठरविलेले नियम वाचून दाखविले. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबावयाचे आणि मागचा दृष्टीस पडल्यावाचून हलावयाचे नाही. सर्वांत सावकाश चालविणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकावर चालावयाचे, म्हणजे सर्वांचा वेग त्याच्या वेगावरून ठरेल. दर तासाने उतरून सहा माणसे मोजावयाची. प्रत्येकापाशी स्वतःची ट्यूब, पाणी आणि दिवसाचे खाणे असावयाचे. अंधार पडल्यावर चालावयाचे नाही, मग पुढचा मुक्काम चुकला तरी हरकत नाही. त्याकरिता एकवीस दिवसांतील चार दिवस मोकळे राखून ठेवावयाचे. उत्तरेकडील भागात हिवतापाचे भय आहे, तेव्हा निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने औषध सुरू करावयाचे. आणि पान्हे व पंप यांची पिशवी सर्वांत शेवटी चालणाऱ्यापाशी राहावयाची.

"शेवटी कोण चालणार?" थोरल्या बंधूंनी विचारले.

"मी," पुतण्या म्हणाला.

वेगाची आवड असलेल्या मुलास तीन हजार किलोमीटर सर्वांची धूळ खात जाणे ही लहान शिक्षा नव्हे. आणि ती त्यास कोणी ठोठावली नव्हती. मध्यंतरी तो एकटाच चांदीपला जाऊन त्या गृहस्थांचे पंचे परत करून आला, हेही आम्हांस मागाहून कळले. थोरल्या बंधूंनी संमती दिली, वहिनींनी डोळे पुसून दिली. मातोश्रींनी मात्र अद्याप हो म्हटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की, दिवाळीनंतर या मुलांनी आणखी एकदा चार दिवसांचा प्रवास करावा आणि त्या वेळी सहाजण एकाच वेळी घरी यावेत, मग पाहू. आमच्या मते ही अट वाजवी आहे, आणि पुतण्यानेही ती मान्य केली आहे.

ज्या घरांतील तरुण मंडळी अशा लांबच्या वाटेस निघण्याच्या विचारात असतील, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे. मुलास गाडी चालविता येते की नाही, हे त्यास जरूर विचारावे. परंतु मागे कोणी राहिला तर त्याला ते किती वेळाने कळेल, हा प्रश्न त्याहून आधी विचारावा.