चालीचा पुरावा

अंधारात येणारा माणूस आपला की परका, हे चालीवरून ओळखण्यास खेड्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आता ही विद्या यंत्र शिकत आहे. कॅमेऱ्याच्या चित्रांतून संगणक माणसाची आकृती वेगळी काढतो, पावलांतील अंतर, हातांचा झोका, अंगाचा कल टिपतो आणि जवळच्या नोंदींशी ताडून पाहतो. बोटांच्या ठशांसाठी माणूस हाती लागावा लागतो. चाल दुरून, त्याच्या नकळत घेता येते.

गौरी लंकेश यांच्या २०१७ मधील खुनाच्या तपासात बंगळुरातील चित्रफीत आणि संशयिताची चाल यांची तुलना गुजरातमधील प्रयोगशाळेत करण्यात आली. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २०१३ मध्ये झाला. दोघांना जन्मठेप झाली ती २०२४ मध्ये. एवढा विलंब पाहिलेल्या सातारा-सांगलीकरांना नवे साधन हवेसे वाटणे स्वाभाविकच होय. परंतु मिरजेत वैद्यक शिकलेल्या दाभोलकरांचा सारा आग्रह होता तो दावा तपासून घेण्याचा.

मग हा दावाही तपासावा. १२४ जणांच्या चालींच्या एका सुप्रसिद्ध संग्रहावरील चाचणीचे निष्कर्ष चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये मांडले. साध्या चालीत ओळख शेकडा ९५ वेळा जुळली. पिशवी घेताच ८७, कोट चढवताच ७०. सांगलीच्या बाजारात हळदीचे पोते वाहणारा हमाल आणि पोते उतरवून घरी निघालेला तोच हमाल यंत्राला एकच वाटेल, याची हमी कोणी द्यावी?

टक्केवारीची भाषा येथे फसवी ठरते. माउलींची पालखी लोणंदला असताना एक लाख माणसे कॅमेऱ्यासमोरून गेली आणि यंत्राने शंभरात एकालाच चुकून संशयित ठरवले, असे समजू. एका गुन्हेगाराच्या शोधात सुमारे हजार निरपराध वारकऱ्यांवर बोट रोखले जाईल.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ याने १९२० चा कायदा रद्द केला आणि अटकेतील व्यक्तीच्या ‘वर्तनविषयक वैशिष्ट्यां’ची नोंद घेण्यास मुभा दिली, नोंदी ७५ वर्षे जपता येतात. चालीचा उल्लेख त्यात नाही, पण वाट मोकळी आहे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटीने न्यायाधीशांसाठी २०१७ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत या पुराव्याचा शास्त्रीय पाया मर्यादित असल्याचे बजावले आहे. आपल्या न्यायालयांनीही यंत्राचा कौल तपासाची दिशा म्हणूनच घ्यावा, आणि त्याच्या चुकांचे प्रमाण आरोपीच्या वकिलापुढे ठेवण्याची सक्ती सरकारपक्षावर करावी.