बंद पडलेल्या इंजिनाचा पंचनामा

ऐन रब्बींत विहिरीवरील डिझेल इंजिन मध्येंच बंद पडावें आणि कितीहि हँडल मारलें तरी पुन्हां सुरू होऊं नये, हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांस नवा नाहीं. अशा वेळीं मिस्त्रीकडे माणूस धाडण्यांत येतो, आणि मिस्त्री येईपर्यंत घरचा गडी पाना घेऊन दिसेल तो नट सैल करीत बसतो. जागा मोडल्यावर पंचनामा कशाचा करावयाचा?

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. रुडॉल्फ डिझेल ह्यांनीं १८९७ सालीं जर्मनींत ऑग्सबर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें तत्त्व आजहि कायम आहे : हवा इतकी दाबावयाची कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें. तेव्हां शोध मुख्यतः तिहींचाच : तेल, हवा आणि दाब.

प्रथम इंजिन कसें थांबलें तें आठवावें. आचके देत थांबलें असेल, तर बहुधा तेल कमी पडलें असें समजावें. टाकींतील तेल, झांकणाचें हवेचें छिद्र व गाळणी क्रमानें पाहावीं. तेल संपून थांबलेलें इंजिन नुसती टाकी भरल्यानें सुरू होईलच असें नाहीं; कारण नळींत हवा शिरलेली असते. गाळणीवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे जाऊन अखंड धार येईपर्यंत तेल वाहूं द्यावें व मग तो आवळावा. नंतर डिझेल-पंपावरील स्क्रूचेंहि तसेंच करावें.

हँडल मारतांना धूर मुळींच नसेल, तर तेल पोंचत नाहीं. पांढरा धूर असेल, तर तेल पोंचतें परंतु पेटत नाहीं. दाब उतरला असेल किंवा तेलांत पाणी असेल. इंजिन एकाएकीं जड होऊन थांबलें व चाक हालेना, तर वंगण अगर थंडाव्याचें पाणी संपून दट्ट्या धरला असण्याचा संभव आहे. तेथें बळ लावूं नये, तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये, मिस्त्रीसच बोलवावें.

'हें काम मिस्त्रीचें, शेतकऱ्यानें त्यांत पडूं नये,' असें कित्येक म्हणतात. त्यांत अर्धें सत्य आहे. डिझेल-पंप व नोझल शेतावरच्या धुळींत उघडणें म्हणजे नुकसान ओढवून घेणें होय. नोझलच्या फवाऱ्यापुढें हात धरणें तर जिवावरचें, कारण तो कातडी भेदून आंत शिरतो. परंतु इंजिन कसें थांबलें, धूर कोणता होता, वंगण केव्हां बदललें, ह्याची साक्ष मालकावांचून दुसरा कोण देणार? ती मिळाली नाहीं तर मिस्त्री अंदाजानें सुटे भाग बदलतो, आणि त्या अंदाजाचे पैसे मालक भरतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक इंजिनाची एक वही असावी. तींत चाललेले तास, वंगण व गाळणी बदलल्याच्या तारखा आणि प्रत्येक बिघाड लिहावा. आपल्या संघानें रब्बीपूर्वीं गांवोगांव हवा काढण्याचें प्रात्यक्षिक करून दाखवावें. फुलोऱ्यांतील गव्हाची चुकलेली पाण्याची पाळी मागून भरून निघत नाहीं. पाव तासाच्या कामासाठीं ती चुकविणें कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं.