कांद्यात माणसाच्या पाचपट डीएनए, तरी चांगलं वाण यायला इतकी वर्षं का?

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. तेव्हापासून पारावर आणि कृषी सेवा केंद्रात एकच चर्चा: बोगस बियाण्याला दंड किती आणि भाव कोण ठरवणार? चर्चा बरोबरच आहे. मी स्वतः विकत आणलेल्या उळ्यातून अर्ध्या एकरात जोडकांदा आणि डेंगळेच जास्त काढलेत. पण नुसत्या दंडानं चांगलं वाण तयार होत नाही. ते कुठं अडतं, हे शेतकऱ्याला माहीत पाहिजे.

पेशीतला डीएनए म्हणजे अक्षरांची लांबच लांब माळ. माणसात ही अक्षरं साधारण 310 कोटी, भातात 40 कोटीच्या आसपास आणि आपल्या कांद्यात सुमारे 1600 कोटी! म्हणून कांदा माणसापेक्षा हुशार नाही. यातली बहुतेक अक्षरं म्हणजे तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा. एके काळी शास्त्रज्ञ याला कचरा म्हणायचे. आता कळतंय, की त्यातला काही भाग फार कामाचा आहे.

कासरा बांधायची जागा

ही माळ गुंडाळून कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं, म्हणजे 8 जोड्या होतात. पेशीची दोन शकलं होताना प्रत्येक गुणसूत्राची एकेक प्रत दोन्हीकडं ओढली जाते. ओढायला दोर लागतो आणि दोर बांधायला जागा लागते. त्या जागेला सेंट्रोमियर म्हणतात. बहुतेक पिकांत ही जागा पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या ढिगातच असते. तिथं एक खास प्रथिन बसतं, सेनएच-3. ती जणू कासऱ्याची गाठ. गाठ ढिली, तर गुणसूत्र मागंच राहतं.

2010 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात एम. रवी आणि सायमन चान यांनी नेमकं हेच केलं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या लहानशा झाडात त्यांनी ती गाठ बदलली आणि साध्या झाडाशी संकर केला. ढिल्या गाठीची गुणसूत्रं गळून गेली. काही रोपांत एकाच पालकाची, म्हणजे निम्मीच गुणसूत्रं राहिली. रवी पुढं भारतात तिरुवनंतपुरमच्या आयसर संस्थेत आले.

आपल्याला याचं काय?

संकरित वाणाला दोन शुद्ध पालक लागतात. शुद्ध म्हणजे जोडीतली दोन्ही गुणसूत्रं तंतोतंत सारखी. त्यासाठी सहा-आठ पिढ्या त्याच झाडाचे पराग त्याच झाडाला द्यावे लागतात. कांद्यात पहिल्या हंगामात कांदा, तोच पुन्हा लावून दुसऱ्या हंगामात बी. एकेका पिढीला दोन वर्षं धरा. म्हणजे बारा-पंधरा वर्षं गेली! वर घरातल्या घरात वंश वाढवला की कांदा खंगतो, बी कमी धरतो.

निम्म्या गुणसूत्रांचं रोप मिळालं तर हा फेरा वाचतो. कॉल्चिसिनसारखं रसायन देऊन ती गुणसूत्रं दुप्पट केली, की एका झटक्यात शुद्ध पालक तयार. मक्यात अशी निम्मी रोपं वेगळ्या जनुकाच्या मदतीनं मिळवतात आणि ते काम आता नेहमीचं झालंय. त्यासाठीचं एक केंद्र कर्नाटकात कुणिगलला 2021 मध्ये सुरू झालं. कांद्यात मात्र न उमललेल्या फुलांपासून प्रयोगशाळेत अशी रोपं काढावी लागतात. शंभर फुलांमागं हाती लागतात ती मोजकीच.

आता मुद्द्याचं. आज आपल्यातले कितीतरी जण घरचे डेंगळे राखून घरचंच उळं टाकतात, शेजाऱ्यालाही देतात. संकरित कांद्याचं बी राखून चालत नाही, पुढच्या पिढीत माल एकसारखा येत नाही. मग दर वर्षी दुकानाची पायरी चढणं आलंच. पालक तयार करायचं हे झटपट तंत्र फक्त खासगी प्रयोगशाळेत राहिलं, तर उळ्याचा भावही तिथंच ठरणार. सरकारी संस्थेकडंही ते असलं, तर आपल्याला निवड राहील. शिवाय शुद्ध पालक हाताशी असले, तर रोगाला टिकणारा आणि चाळीत जास्त दिवस राहणारा कांदा निवडणंही सोपं जातं.

राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्या पैशावर चालतं. पुढच्या किसान मेळाव्यात अनुदानाच्या रांगेत उभं राहायच्या आधी तिथल्या शास्त्रज्ञाला एवढं विचारा: कांद्याच्या शुद्ध पालकांचं काम कुठवर आलं आणि ते बी आमच्या तालुक्यात कधी येणार? मसुद्यावर बोलायचं तर दंडासोबत हेही बोललं पाहिजे. बोगस बियाणं विकणारा पकडला जाईल, पण त्या जागी चांगलं बियाणं कोणी तरी तयार करायला हवं ना?