अक्कलदाढ : दुखण्याची वाट कशाला?

‘याला अजून अक्कलदाढ यायची आहे!’ असे आपण एखाद्या तरुण सहकाऱ्याविषयी थट्टेने म्हणतो. ही दाढ साधारणतः १७ ते २५ या वयात येते. काहींना ती येतच नाही. शहाणपणाशी तिचा संबंध नसला, तरी तिच्याबाबत शहाणपणाने वागणे आपल्या हाती आहे.

ती सर्वांत शेवटी येत असल्याने तोवर जबड्यातील जागा इतर दातांनी व्यापलेली असते. जबड्याची वाढ अपुरी पडली, की ही दाढ पुढच्या दाढेकडे कलते, आडवी होते किंवा अर्धवट वर येऊन थांबते. अर्धवट आलेल्या दाढेवरील हिरडीखाली अन्नकण अडकतात, सूज येते, तोंड उघडणे कठीण होते आणि शेजारची दाढही किडू शकते.

माझ्याबाबत नेमके हेच घडले. दोन वर्षे अधूनमधून होणारी ठसठस मी लवंगेवर निभावून नेली. अखेर ऐन मार्चअखेरीस अक्कलदाढेबरोबर शेजारची दाढही गमवावी लागली. कर्जखाते नियमित दिसले, तरी आपण त्याचा वार्षिक आढावा टाळत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र मी हा नियम विसरलो.

याचा अर्थ प्रत्येक अक्कलदाढ काढून टाकावी, असा नव्हे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० साली, अडकलेली पण विकार नसलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे मार्गदर्शन केले. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठ व हनुवटीला संवेदना देणारा मज्जातंतू जातो. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय विचारपूर्वकच घ्यावा.

माझ्या मते, मध्यममार्ग हाच हिताचा. विशीच्या सुमारास दंतवैद्याकडून एकदा तपासणी करून घ्यावी आणि त्यांना गरज वाटल्यास संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र काढावे. दाढ सरळ, स्वच्छ ठेवता येण्याजोगी असेल, तर ती राहू द्यावी. त्रासदायक असेल, तर वेळीच काढावी. वयाबरोबर मुळांची वाढ पूर्ण होते, हाड घट्ट होते आणि तेच काम अवघड बनते.

आपल्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले असतील, तर येत्या सुट्टीत त्यांना दंतवैद्याकडे अवश्य न्यावे. दुखत नाही, म्हणजे सारे ठीक आहे, असे मानणे मला महागात पडले. त्यांना ते पडू नये.