ग्रंथालयाचे दार उघडले, उंबरठा मात्र कायम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम गोव्यातील महाविद्यालयांत २०२३-२४ या वर्षापासून लागू झाला. त्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष म्हणजे २०२६-२७. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा मार्ग खुला आहे आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. आतापर्यंत संशोधन ही पदव्युत्तर विद्यार्थ्याची आणि पीएच.डी. करणाऱ्याची गोष्ट मानली जात होती. आता ती विशी-एकविशीतल्या पदवी विद्यार्थ्याच्या दारात आली आहे. साहजिकच आजवर परीक्षेच्या तोंडावरच आठवणारे ग्रंथालय आता अभ्यासक्रमाचा कणा ठरणार आहे. या भूमिकेसाठी आपली ग्रंथालये सज्ज आहेत का, याचा विचार मात्र अजून पुरेसा झालेला नाही.

वरकरणी पाहता काळ अनुकूल आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा विस्तार सांगितला गेला. व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे आहे. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ प्रकाशकाशी स्वतंत्र घासाघीस करी. ज्याची तिजोरी मोठी त्याच्याकडे नियतकालिके अधिक, असा तो मामला होता. लहान राज्याच्या एकुलत्या एका राज्य विद्यापीठाला त्यात फारशी ताकद नसे. आता देशाच्या वतीने एकच करार होतो, हे गोव्यासारख्या राज्याच्या हिताचेच आहे.

पण आकड्यांचा हिशेब थोडा उलगडून पाहिला पाहिजे. ६,००० कोटींना १ कोटी ८० लाखांनी भागले, तर तीन वर्षांत माणशी सुमारे ३,३०० रुपये, म्हणजे वर्षाला साधारण १,१०० रुपये पडतात. एखाद्या परदेशी प्रकाशकाच्या एकाच शोधनिबंधासाठी वाचकाकडून दोन-तीन हजार रुपये मागितले जाणे नवे नाही. त्या तुलनेत ही वर्गणी स्वस्त आहे. मात्र ती स्वस्त ठरते ती वापर झाला तरच. ज्या विद्यार्थ्याने वर्षभरात एकही निबंध उघडला नाही, त्याच्या नावावरचे १,१०० रुपये सरळ प्रकाशकाच्या खिशात जातात. म्हणजेच खर्चाची जबाबदारी दिल्लीने उचलली असली, तरी तो सार्थकी लावण्याची जबाबदारी प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर येऊन पडते.

इथे पहिली अडचण समोर येते. योजनेच्या घोषणेत लाभार्थी म्हणून केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था असे शब्द आहेत. गोवा विद्यापीठ या व्याख्येत बसते. साखळी, केपे, खांडोळा, पेडणे येथील सरकारी महाविद्यालयेही बसतात. परंतु गोव्याच्या उच्च शिक्षणाचा मोठा भार मिरामार, मडगाव, म्हापसा, फोंडा अशा ठिकाणच्या खासगी शिक्षण संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिला आहे. तिथले वेतन सरकारी अनुदानातून होते, व्यवस्थापन मात्र संस्थेचे असते. योजनेतील शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर ही महाविद्यालये कुंपणाबाहेर राहतात. एकाच विद्यापीठाची, एकाच अभ्यासक्रमाची पदवी घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला १३,००० नियतकालिके उपलब्ध आणि दुसऱ्याला नाहीत, असा भेद राज्याला परवडणारा नाही. उच्च शिक्षण संचालनालयाने प्रत्येक महाविद्यालयाची स्थिती तपासून ती जाहीर करावी, आणि जी बाहेर आहेत त्यांच्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा किंवा पर्यायी सोय करावी. हे काम चौथे वर्ष सुरू होण्याआधीचे आहे.

दुसरी अडचण अंतराची आहे. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. तिथल्या ग्रंथालयात काणकोण, सांगे किंवा सत्तरीच्या टोकाकडून येणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा दिवस दोन-तीन बस बदलण्यातच जातो आणि संध्याकाळी परतीची बस गाठायची म्हणून पुस्तक अर्ध्यावर मिटावे लागते. ई-साधनांनी हे अंतर मिटेल अशी अपेक्षा होती. तंत्रज्ञान त्यासाठी तयारही आहे. इन्फ्लिबनेटच्या ‘इन्फेड’ या व्यवस्थेतून संस्थेने दिलेल्या ओळखपत्रावर विद्यार्थी घरूनही नियतकालिके वाचू शकतो. पण हे ओळखपत्र संस्थेने तयार करून द्यावे लागते. ते दिले गेले नाही, तर सगळी साधने महाविद्यालयाच्या आवारातील जाळ्यापुरती मर्यादित राहतात आणि चार वाजता फाटक बंद झाले की ज्ञानही बंद होते. प्रवेशाच्या दिवशीच, ओळखपत्र आणि ग्रंथालयाच्या कार्डासोबत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती हे प्रवेशनाम व संकेतशब्द पडायला हवेत. त्यासाठी नव्या निधीची गरज नाही. लागते ती केवळ प्रशासकीय शिस्त.

तिसरी बाब भाषेची आहे आणि ती मराठी वाचकांना अधिक जवळची आहे. त्या १३,००० नियतकालिकांतील जवळपास सारा व्यवहार इंग्रजीचा आहे. रसायनशास्त्राच्या वा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याने अडत नाही. पण मराठी साहित्य, गोव्याचा इतिहास, लोकसंस्कृती यांवर प्रकल्प करणाऱ्याला या खजिन्यातून फारसे हाती लागत नाही. त्याला लागणारी साधने वेगळी आहेत आणि ती गोव्यातच आहेत. पणजीतील पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. तिथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी लिपीतील मराठी कागदही आहेत. इतिहासकार डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. १८३२ मध्ये स्थापन झालेले आणि आज कृष्णदास शामा यांचे नाव धारण करणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पाटो येथे प्रशस्त इमारतीत उभे आहे. मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या सोळाव्या शतकातील कवीचे नाव ज्या ग्रंथालयाला लाभले, त्या राज्यात मराठीच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाचा जुना अंक कोणत्या संस्थेत आहे हे शोधण्यासाठी तीन-चार ठिकाणी फिरावे लागणे खटकते.

यावर उपाय म्हणजे राज्याची एकत्रित ग्रंथसूची. विद्यापीठ, मध्यवर्ती ग्रंथालय, पुराभिलेखागार आणि महाविद्यालये यांच्याकडे काय आहे, हे एका शोधपटलावर दिसले आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीने पुस्तक विद्यार्थ्याच्या जवळच्या महाविद्यालयात पोहोचले, तर काणकोणच्या विद्यार्थ्यालाही ताळगावचे कपाट उघडे होईल. राज्य लहान आहे. अंतरे मोठ्या राज्यांच्या मानाने किरकोळ आहेत. पुस्तकांची थैली आठवड्यातून एकदा फिरवणे ही इथे सहज शक्य गोष्ट आहे. मोठ्या राज्यांना जे जमणे कठीण, ते गोव्याला लहानपणामुळे सोपे जाते. या सोयीचा लाभ आजवर घेतला गेलेला नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब मनुष्यबळाची आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्वतंत्र स्थान दिले होते. तेव्हा वेळ जाई तो पुस्तक सापडत नसल्यामुळे. आज वेळ जातो तो फार सापडत असल्यामुळे. शोधयंत्र क्षणात हजारो दुवे समोर टाकते. त्यांतले विश्वासार्ह कोणते, समीक्षित निबंध कसा ओळखावा, उद्धृत कसे करावे, उचलेगिरी कशाला म्हणतात, ‘शोधगंगा’वरील प्रबंधांतून आपल्या विषयावर आधी झालेले काम कसे शोधावे, हे कोणीतरी शिकवावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेले संदर्भ आत्मविश्वासाने रचून देतात, तेव्हा ही गरज दुप्पट होते. ते शिकवणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल. परंतु ग्रंथपालाकडे आजही देवघेव, दाखलनोंद आणि मूल्यांकन समितीसाठी कागद जमवणे हीच कामे प्रामुख्याने असतील, तर तो शिक्षक कधी होणार? चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाआधी ग्रंथपालाने शिकवायचा, श्रेयांक असलेला एक छोटा अभ्यासक्रम विद्यापीठाने ठेवला, तर ग्रंथपालाच्या पदालाही त्याचा योग्य मान मिळेल.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, विद्यार्थीच आता ग्रंथालयाकडे फिरकत नाहीत, सगळे मोबाइलवर वाचतात, मग हा खटाटोप कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. विद्यार्थी मोबाइलवर वाचत असेल, तर ग्रंथालयाने मोबाइलवर पोहोचायला हवे. ते मागे राहिले, तर त्याच्या हाती उरतात त्या फुकट फिरणाऱ्या टिपा, चोरून उतरवलेली पुस्तके आणि मार्गदर्शिका. शिवाय वाचनकक्षाची गरजही संपलेली नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी सार्वजनिक ग्रंथालयांच्या अभ्यासिकांत जागा धरून बसणारी मुले हेच सांगतात की, घरात शांत कोपरा नसलेल्यांना ग्रंथालय हीच अभ्यासाची खोली असते. ज्यांच्या घरी स्वतंत्र टेबल, लॅपटॉप आणि अखंड इंटरनेट आहे, त्यांचे ग्रंथालयावाचून फारसे अडत नाही. ज्यांच्याकडे नाही, त्यांचे अडते. म्हणून ग्रंथालयाचा प्रश्न मुळात समान संधीचा प्रश्न आहे.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. वर्गणी म्हणजे मालकी नव्हे, ते भाडे आहे. विकत घेतलेले पुस्तक कपाटात राहते. वर्गणीचे नियतकालिक करार टिकेल तोवरच दिसते. सध्याची तरतूद २०२७ अखेरपर्यंतची आहे. त्यानंतर केंद्र काय करील याची वाट पाहत बसण्याऐवजी महाविद्यालयांनी छापील पाठ्यपुस्तकांची आणि मराठी संदर्भग्रंथांची खरेदी थांबवू नये. सगळे ऑनलाइन मिळते, ही समजूत ग्रंथखरेदीच्या तरतुदीवर कात्री चालवण्याचे निमित्त ठरता कामा नये.

थोडक्यात, पैशांची सर्वांत मोठी अडचण केंद्राने तूर्त दूर केली आहे. उरलेली कामे राज्याच्या आणि विद्यापीठाच्या आवाक्यातली आहेत. अनुदानित महाविद्यालयांचे स्थान स्पष्ट करणे, प्रत्येक विद्यार्थ्याला घरून वाचण्याचा परवाना देणे, एकत्रित सूची व देवघेव उभारणे, ग्रंथपालाला शिक्षकाचा दर्जा देणे, एवढीच ती यादी आहे. संशोधन करा असे एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सांगणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या हाती संशोधनाची साधनेही द्यायला हवीत. नाहीतर तो प्रकल्प इतरांच्या प्रकल्पांची नक्कल होऊन राहील आणि त्याचा दोष मात्र विद्यार्थ्याच्या माथी मारला जाईल.